घसारा आणि घसरण

आमच्या मामांच्या दुकानात मागच्या पडवीत गुळाच्या ढेपा तोलायचा एक काटा आहे. एका रविवारी दुपारी मामा जेवून आडवे झाल्यावर मी त्यावर वर्तमानपत्र अंथरले आणि बुटांचे दोन जोड एकामागून एक तोलले. पहिला थोरल्या काकांनी दिलेला, घोट्याच्या वर येणारा, जाड चामड्याचा. भरला एक किलो ५६० ग्रॅम. दुसरा माझा स्वतःचा, जाळीदार कापडाचा, घोट्याच्या खाली राहणारा, पदभ्रमणासाठी म्हणून बाजारात मिळतो तसा. तो ६४० ग्रॅम. फरक ९२० ग्रॅमचा, म्हणजे एका पायाला ४६० ग्रॅम.

वाणिज्य शाखेच्या मुलाच्या हाती आकडे लागले की तो स्वस्थ बसत नाही. आमचा एका दिवसाचा फेरा साधारण चौदा किलोमीटरांचा असतो. एका किलोमीटरला माझी चौदाशे पावले पडतात. म्हणजे दिवसाला १९,६०० वेळा एक ना एक पाय उचलावा लागतो आणि दर वेळी ४६० ग्रॅम जास्त. गुणाकार केला तर उत्तर आले ९,०१६ किलो. नऊ टन! आमच्याकडे साखर कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेली ट्रॉली दिसते ना, जवळजवळ तेवढे ओझे मी काकांचे बूट घालून संध्याकाळपर्यंत थोडे थोडे करून उचलले असते. त्याची हमाली मात्र कोणी दिली नसती.

हा हिशेब जरा नाटकी आहे, हे मान्य आहे. पण त्यातले तत्त्व खोटे नाही. १९६९ साली सूल आणि गोल्डमन या दोघा संशोधकांनी अमेरिकेच्या सैन्यासाठी प्रयोग केले होते. डोक्यावर, हातात आणि पायांत वजन देऊन माणसांना चालवायचे आणि किती शक्ती खर्च होते ते मोजायचे. पायांतले वजन वाहायला धडावरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट शक्ती लागते असे त्यात दिसले. चाल जितकी वेगाची तितका हा खर्च अधिक. त्या मापाने माझ्या ९२० ग्रॅमांचे पाठीवर पावणेचार ते साडेपाच किलो होतात. एवढ्यात दोन वेळचे जेवण, पाणी आणि पावसाळी कोट येऊन वर थोडी जागा उरते.

काकांना मी हे सांगितले. काका सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आहेत आणि संशोधकांचा त्यांना फारसा वचक नाही. ते म्हणाले, "ते सगळं खरं असंल. पण घोटा मुरगळला की तुझा संशोधक येणार आहे काय उचलून न्यायला? उंच बूट म्हणजे घोट्याला भिंत."

ही भिंतीची कल्पना सर्वत्र आहे. जड बुटांच्या बाजूने पहिला मुद्दा निघतो तो हाच. मी त्याच्यामागे थोडा लागलो, तेव्हा एक मजेशीर माहिती मिळाली. १९९३ साली अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या सहाशेहून अधिक महाविद्यालयीन मुलामुलींना चिठ्ठ्या टाकून उंच आणि बुटके बूट वाटले गेले आणि दोन महिने कोणाचा घोटा मुरगळतो याची नोंद ठेवली गेली. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आता बास्केटबॉलचे मैदान म्हणजे महिपाळगडाची उतरण नव्हे, हे मलाही समजते. पाठीवर पंधरा किलोंची पिशवी नसते, पायाखाली सुटे दगड नसतात. तेव्हा काकांची भिंत या एका प्रयोगाने पडली असे मी म्हणणार नाही. पण ती वाटते तितकी जाडही नाही. वैजनाथाच्या डोंगरावरून उतरताना आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्याचा पाय मुरगळला होता, तेव्हा त्याच्या पायांत घोट्यावर चार बोटे येणारे नवेकोरे बूट होते. टाच जाड आणि उंच असली की पाय जमिनीपासून वर राहतो, खालचा दगड हलतो आहे हे पायाला उशिरा कळते, आणि मग भिंतीसकट माणूस कलंडतो.

अर्थात उंच बुटांचे काही गुण नाकारता येत नाहीत. आमच्या चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या रानात चापडा असतो. हिरवा, तपकिरी, वाळल्या पानांत मिसळून जाणारा. साप चावतो तो बहुधा पायालाच, आणि तिथे चामड्याचा जाड थर असणे केव्हाही बरे. करवंदीच्या जाळीतून वाट काढताना, कोयत्याने तोडलेल्या कारवीच्या खुंटांवरून चालताना माझे जाळीदार बूट म्हणजे निव्वळ औपचारिकता. जळवांचे मात्र कोणी नाव काढू नये. कन्नडमध्ये त्यांना इंबळ म्हणतात. मराठी जळू असो की कन्नड इंबळ, तिला चामडे आणि कापड दोन्ही सारखेच. ती वरून येते, मोज्याच्या काठावरून.

पाण्याचेही तसेच. दुकानदार सांगतो की या बुटाच्या आत पाणी शिरू न देणारा पडदा आहे. खरे आहे. दवाने भिजलेल्या गवतातून, उथळ चिखलातून तो पडदा छान काम करतो. पण खानापूर-चंदगडकडच्या पावसात एकदा ओढा गुडघाभर ओलांडला की पाणी वरच्या तोंडातून आत जाते, आणि तोच पडदा आता त्याला बाहेर पडू देत नाही. मग प्रत्येक बुटात एक लहान विहीर घेऊन चालायचे. जाळीच्या बुटात पाणी येते तसे दहा पावलांत निघूनही जाते. घरी आल्यावर चामडे वाळायला दोन-तीन दिवस, आणि तेही उन्हात ठेवायचे नाही, चुलीजवळ तर मुळीच नाही, नाहीतर पापडासारखे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे घालायचे. मराठी घाला की कन्नड, शाई सारखीच सुटते आणि पाणी सारखेच शोषले जाते.

पण माझ्या मते खरा प्रश्न उंचीचा नाही आणि वजनाचाही नाही, तो तळव्याचा आहे. आमच्या भागात जांभा आहे. उन्हाळ्यात त्याची बारीक लाल खडी वाटेवर पसरते आणि पाय तिच्यावरून गोट्यांवरून जावा तसा निसटतो. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर शेवाळ चढते. काकांच्या बुटांचा तळवा मजबूत आहे, पण रबर इतके कडक झाले आहे की ओल्या कातळावर ते पकडच घेत नाही. माझ्या हलक्या बुटांचे रबर मऊ आहे, खाचा खोल आहेत. पारगडाच्या पायऱ्यांवर भर श्रावणात मी त्यांतून उतरलो आहे आणि पायरी माझ्या खालून गेली नाही.

या खाचांची एक करुण कथा आहे. पूर्वी गिर्यारोहकांच्या बुटांना खाली लोखंडी खिळे ठोकलेले असत. जड, खडकावर निसटणारे, आणि थंडी थेट पायात पोचवणारे. म्हणून खडकावर चढताना ते काढून हलके बूट घालायची पद्धत होती. १९३५ साली इटलीतील आल्प्समध्ये पुंटा रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक दगावले. त्यांच्याबरोबरच्या मंडळींत विताले ब्रामानी नावाचा गृहस्थ होता. सोबती गेल्यावर त्याने खडक आणि बर्फ दोन्हीवर चालेल असा रबरी तळवा करण्याचा ध्यास घेतला आणि १९३७ साली तो तयार केला. त्याच्या नावातली पहिली अक्षरे जोडून वायब्रम हे नाव झाले. १९५४ साली के-२ शिखर प्रथम जिंकणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हेच तळवे होते. आज आपण दुकानात बूट उलटा करून ज्या खोल खाचा बघतो, त्यांच्या मुळाशी ती सहा माणसे आहेत.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे एमा गेटवुड. अकरा मुलांची ही आई वयाच्या ६७ व्या वर्षी, १९५५ साली, अमेरिकेतील अपलाचियन वाट एकटीने चालून गेली. तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, तेही साध्या कापडी बुटांत. खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी. वाटेत तिने बुटांचे अनेक जोड झिजवले. आमच्यातले हलक्या बुटांचे भक्त हे उदाहरण फार देतात. ते देताना "अनेक जोड झिजवले" हा भाग मात्र गाळतात.

आणि झिजण्याची गोष्ट निघाली की मी पुन्हा माझ्या विषयाकडे येतो.

हिशेबशास्त्रात ज्याला घसारा म्हणतात तो बुटांइतका दुसऱ्या कोणत्याही मालमत्तेत डोळ्यांना दिसत नाही. चांगले चामडी बूट सध्या साडेचार हजारांच्या आसपास पडतील असे धरू. तळवा शिवलेला असेल तर झिजल्यावर चांभाराकडून नवा लावता येतो, त्याचे सातशे. दहा वर्षे टिकले तर वर्षाला ५२० रुपये. हलका जोड दोन हजारांचा. त्याचा तळवा शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो. आतला मऊ थर दाबून दाबून चपटा होतो, मग खडे पायाला लागू लागतात. तोच जोड रोज कॉलेजलाही घातला तर दोन वर्षांत त्याचे आयुष्य संपते. वर्षाला हजार. म्हणजे कागदावर जड बूट निम्म्याने स्वस्त.

सरळ रेषेच्या पद्धतीने सगळे सरळ दिसते. पण साडेचार हजार आज लागतात आणि बचत दहा वर्षांत होते. ताळेबंदात नफा आणि गल्ल्यात खडखडाट ही अवस्था आम्ही पुस्तकात वाचतो, तेव्हा ती एखाद्या कंपनीची असते. ती विद्यार्थ्यांच्या खोल्यांतही असते. ज्याच्याकडे आज दोनच हजार आहेत तो दर दोन वर्षांनी दोन हजार भरत राहतो आणि अखेर जास्त खर्च करतो. त्याला हिशेब येत नाही म्हणून नव्हे.

आणखी एक गंमत. काही बुटांच्या तळव्याच्या आत पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू कुजतो. बूट पाच-सात वर्षे कपाटात जपून ठेवले तर बाहेरून नवे दिसतात आणि पहिल्याच चढाला तळवा केकसारखा सुटून हातात येतो. वापराने होणारा घसारा आणि नुसत्या काळाने होणारा घसारा यांतला फरक आमच्या सरांनी दोन तास फळ्यावर समजावला होता. असा एक बूट वर्गात आणला असता तर दहा मिनिटांत काम झाले असते.

हे सगळे मी इतक्या तपशिलाने का बोलतो आहे, ते आता सांगतो. यंदा आमच्या गिरिभ्रमण मंडळाचा खजिनदार मी आहे आणि सहलीला काय काय आणावे याची यादी करणे खजिनदाराकडे असते. गेली काही वर्षे या यादीत दुसऱ्या क्रमांकावर एक ओळ होती : 'घोट्यापर्यंतचे ट्रेकिंग बूट सक्तीचे.' ती कोणी लिहिली ते आता आठवत नाही. हेतू चांगलाच असणार. कोणाला इजा झाली तर जबाबदारी मंडळावर येते.

माझ्या वर्गात एक मित्र आहे. त्याचे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतात. गेल्या वर्षी श्रावणातल्या फेरीला तो आला तो वडिलांचे कारखान्यातले बूट घालून. पुढे बोटांवर पोलादी वाटी असते ते. एक नंबर मोठे. पायांवर वितळलेले लोखंड किंवा जड साचा पडू नये म्हणून केलेले ते बूट, त्या कामाला उत्तम. पण चढाला त्यात टाच वरखाली होते आणि उतारावर पाय पुढे सरकून बोटे पोलादावर आदळत राहतात. त्याने वाटेत चकार शब्द काढला नाही. उलट ओढ्यात सगळ्यांना हात देऊन पलीकडे नेले. बसमध्ये बूट काढले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली होती. त्याची त्याला काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. दुसरे दिवशी सोमवार, वडिलांची पहाटेची पाळी, आणि बूट ओलेचिंब. त्याने रात्रभर पंख्याखाली ठेवले. वडिलांनी सकाळी ओलेच घातले आणि काही बोलले नाहीत. हे त्याने मला पुढे दोन-तीन महिन्यांनी सांगितले, तेही दुसऱ्याच विषयात. त्यानंतरच्या चारही फेऱ्यांना "घरी काम आहे" असे त्याचे उत्तर होते.

कोणी म्हणेल की पाय चालायला तयार असले की पुरे, बूट कशाला. असे म्हणणाऱ्यांना मी चंदगडकडच्या एका गवळी धनगर बाईचे उदाहरण देईन. रानातल्या वाड्यावरून ती रोज दूध घेऊन खाली उतरते, पायांत झिजलेली प्लॅस्टिकची चप्पल. आम्ही धापा टाकत चढत होतो आणि ती डोक्यावर किटली घेऊन आमच्या बाजूने सरसर निघाली होती. आमच्यातला एकजण भारावून म्हणाला, "मावशी, तुम्हाला बुटांची गरजच नाही!" ती थांबली, त्याच्या बुटांकडे नीट बघितले, आणि म्हणाली, "कोण म्हनतंय? काटं काय मला वळखत्यात? मिळालं तर घालीन की."

तर, नव्या यादीच्या वेळी समितीत दोन बैठका झाल्या. काकांसारखे बोलणारे तिथेही होते. "आज बूट सोडले, उद्या कोणी स्लीपरवर येईल," असा एकाचा मुद्दा होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. मी काट्यावरचे आकडे ठेवले, घसाऱ्याचा तक्ता ठेवला. तक्त्यापेक्षा उसाच्या ट्रॉलीचा परिणाम जास्त झाला. कोणी तरी हिमालयाचा विषय काढला. तिथे बर्फावर जड, ताठ तळव्याचे बूट लागतातच, त्यात वाद नाही. खाली लोखंडी काटे बांधायचे असतात, आणि थंडीने बोटे जाण्याची भीती असते. १९५० साली अन्नपूर्णा सर करणाऱ्या मॉरिस हेर्झोगने हिमदंशाने पायांची सगळी बोटे गमावली होती. पण उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रमाला गेले तर ते बूट संस्थाच आपल्या भांडारातून देते. मग राजहंसगडासाठी आम्ही ते विकत घ्यायला का लावावेत?

अखेर ओळ अशी ठरली : 'बंद बूट, तळव्याला खाचा असलेले, पायांना आधीच सवयीचे झालेले. उंच की बुटके, चामडी की कापडी, हे ज्याचे त्याने ठरवावे. सहलीसाठी नवे घेऊ नयेत. चप्पल व सँडल नको.' शेवटी एक जोड : 'निघण्यापूर्वी तळवे तपासले जातील.' शिल्लक निधीतून तीन मापांचे तीन जोड मंडळाच्या मालकीचे घ्यायचे, ते ज्याला हवे त्याने न विचारता कपाटातून न्यावेत, नोंदवहीत नाव न लिहिता, असेही ठरले. हिशेब तपासणारे सर यावर काय शेरा मारतील याची मला थोडी चिंता आहे.

नवे घेऊ नयेत, हे मी हट्टाने घातले. मराठीत नवा जोडा चावतो आणि कन्नडमध्येही तो चावतोच, याबाबत दोन्ही भाषांत सीमावाद नाही. घ्यायचेच असतील तर संध्याकाळी घ्यावेत, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा. सोबत जाड मोजे न्यावेत आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी, म्हणजे उतारावर नखे वाचतात. मग निदान दोन-तीन आठवडे गल्लीतून हिंडावे.

यादी दोन्ही भाषांत लागते. कन्नड मजकूर मीच केला. 'सवयीचे झालेले' याला मी 'अभ्यास आगिरुव शू' असे लिहिले, कारण कन्नडमध्ये सवयीला अभ्यास म्हणतात. फलकासमोर आमच्या मराठी मंडळींपैकी एकाने ते अडखळत वाचले आणि विचारले, "अभ्यास झालेले बूट? म्हणजे आता बुटांनाही परीक्षा?" मी म्हटले, "होय की. तोंडी."

शनिवारी संध्याकाळपर्यंत एकवीस नावे आली होती. सोमवारी मधल्या सुटीत कँटीनमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ परीक्षेचे आणि क्रिकेटचे बोलला. मग चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "कापडी चालतात म्हणे?"

"तळवा दाखव," मी म्हटले.

त्याने बाकावर बसल्या बसल्याच पाय उचलून माझ्यासमोर धरला. पांढरा बूट धुऊन धुऊन पिवळट झालेला, पण खाचा शाबूत होत्या. एका खाचेत खडा अडकला होता. तो मी पेनाने काढला आणि बाविसावे नाव लिहून घेतले.